पेन्शनीच्या कागदांमागचा इतिहास

जुन्या मराठी दप्तरांत ‘बालपरवेशी’ हा शब्द भेटतो. लढाईत शिपाई कामी आला की त्याच्या मुलांच्या पोषणासाठी सरकारातून लागणारी नेमणूक, म्हणजे बांधलेली रक्कम. आज फौजींच्या घरांसाठी जे काही चालतं, त्याला ‘मदत’ म्हणण्याआधी हा शब्द आठवावा, असं मला वाटतं.

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज मोडली. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि त्याच्या पाठोपाठ इंदूरजवळ महूला इंग्रजांची छावणी पडली. बाबासाहेब १८९१ मध्ये इथेच जन्मले, कारण वडील सुभेदार रामजी सकपाळ फौजेत होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीला गेलं. दापोलीतलेच दुसरे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी महारांची लष्करभरती बंद झाल्यावर १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज तयार केला. ज्याला लिहिता येतं त्याने बाकीच्यांचं गाऱ्हाणं कागदावर मांडायचं: स्वयंसेवेचा हा नमुना मला देणग्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

सरकारी यंत्रणा नंतर आली. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये फौजींच्या कल्याणासाठी सोल्जर्स बोर्ड निघालं. आजच्या केंद्रीय सैनिक बोर्डाचं ते मूळ. जिल्ह्यात कलेक्टर अध्यक्ष आणि निवृत्त अधिकारी कामकाज पाहणारा, अशी घडी बसली. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वज दिन होतो. लाल, गडद निळा आणि फिका निळा असा तो छोटा झेंडा शाळेत आपण सगळ्यांनीच छातीला टाचलाय. त्यासाठी दिलेले पैसे कुठे जातात हे मात्र फार थोड्यांनी विचारलं असेल.

खरी गुंतागुंत संस्थानांच्या विलीनीकरणाने केली. संस्थानी फौजा भारतीय सैन्यात मिसळल्या आणि होळकरांची इंदूरची पलटण १५ कुमाऊं झाली. नावापुढे कंसात ‘इंदूर’ राहिलं, पण रेजिमेंटचं केंद्र रानीखेतला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, आणि पेन्शनीचा हिशेब प्रयागराजला. घर इंदुरात नि कागद चार गावांत.

त्यात आपली मराठी लग्नाची रीत. नवऱ्याने पलटणीत कळवलेलं बायकोचं नाव सासरचं, आधार कार्ड निघालं शाळेच्या दाखल्यावरून, म्हणजे माहेरच्या नावाने. नवरा गेल्यावर कुटुंब पेन्शनीच्या वेळी या दोन बाया एकच, हे शपथपत्र करून सिद्ध करायचं! ‘स्पर्श’ ही फौजी पेन्शनीची ऑनलाइन पद्धत आल्यापासून तर एका अक्षराचा फरकही अडतो. म्हणून या घरांना मदत करणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांचं बरंचसं काम म्हणजे डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक) उघडून नावं ताडून पाहणं आणि नोव्हेंबरात हयातीचे दाखले भरून देणं.

गेल्या नोव्हेंबरात इंदूरच्या रामबागेत एका काकूंकडे असाच दाखला भरायला बसलो होतो. भांडी घासून घासून अंगठ्यावरच्या रेषा गेलेल्या, यंत्र ठसा घेईना. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवायचा ठरलं. सोबतची मुलगी म्हणाली, “काकू, आता पापण्या मिटून उघडा.”

“थांब गं,” म्हणत काकूंनी आधी केस सारखे केले.