दाढ काढल्यानंतरचं दुखणं आणि ‘सुजेची गोळी’

दाढ काढल्यावर घरी दुखणं सोसायचं, ही गोष्ट वाटते तितकी जुनी नाही. पूर्वी खरा प्रसंग ओढून काढण्याचाच असायचा. किंचाळणं तिथेच व्हायचं. विसाव्या शतकात बधिर करण्याचं इंजेक्शन रुळलं. १९४३ मध्ये तयार झालेलं लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध १९४८ पासून बाजारात आलं आणि दंतवैद्याची खुर्ची शांत झाली. दुखणं संपलं नाही, फक्त त्याची वेळ बदलली. आता गाल बधिर असताना माणूस रिक्षाने घरी येतो आणि तीन-चार तासांनी, बहुधा संध्याकाळी, ठणका सुरू होतो. बधिरपणा उतरायच्या आत पहिली गोळी घ्या, असं सांगतात ते म्हणूनच.

लवंगेचं तेल, हळद, मिठाची चूळ यांबद्दल वेगळं सांगायला नको. लवंगेतलं युजेनॉल दवाखान्यातही वापरतात. मात्र घरगुती लवंग मुख्यतः न काढलेल्या, किडक्या दाढेसाठी होती. ताज्या जखमेत तेलाचा बोळा कोंबणं हा तिचा मूळ उपयोग नव्हे.

दुखणं घरी आलं तशा गोळ्याही घरी आल्या. आयबुप्रोफेन १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीला आलं, पुढे डायक्लोफिनॅक आलं. अक्कलदाढ काढलेले रुग्ण हे नव्या वेदनाशामकांच्या चाचणीसाठी तर हुकमी ठरले: तरुण, धडधाकट, आणि दुखणार हे नक्की. त्यामुळे या एका दुखण्याबद्दल जगात जितका पुरावा जमला आहे, तितका कंबरदुखीबद्दलही नसेल. त्यातून वारंवार पुढे आलेली जोडी साधी आहे: आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल.

आपल्याकडच्या चिठ्ठीवर मात्र तिसरा पाहुणा असतो. ‘ही दुखण्याची, ही सुजेची’ असं केमिस्ट बोटाने दाखवतो. इथेच शब्दांचा घोळ आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक या गोळ्या स्वतःच दाह कमी करणाऱ्या आहेत. तरी ‘सूज’ हे खातं वेगळं काढलं गेलं आणि त्यात सेराटिओपेप्टिडेज बसलं. हे प्रथिनं तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या एका जिवाणूत ते सापडलं. त्याभोवती एक गोड गोष्टही रचली गेली: किडा याच विकराने कोष विरघळवून बाहेर पडतो, तशी ही गोळी सूज विरघळवते. प्रत्यक्षात कोष फोडणारं विकर पतंगाचं स्वतःचं, वेगळंच असतं. पण गोष्ट चांगली होती, ती चालली.

अक्कलदाढेवरच्या काही लहान चाचण्यांत सूज थोडी कमी दिसली, जबडा थोडा लवकर उघडला. दुखण्यावर ठाम फरक दिसला नाही. शेवटी ज्या जपानी कंपनीने ते बाजारात आणलं, तिनेच २०११ मध्ये ते मागे घेतलं, कारण नव्याने केलेल्या चाचणीत बिनऔषधाच्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही. आपल्याकडे त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. डायक्लोफिनॅकबरोबर, अॅसिक्लोफिनॅकबरोबर, कधी पॅरासिटामॉलही घालून ते एकाच गोळीत विकलं जात राहिलं. दाढेची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमाल गाठून आपोआप उतरू लागते. पाच दिवसांच्या कोर्सच्या शेवटी ती बरीचशी उतरलेली असते, आणि श्रेय गोळीला जातं. प्रस्तुत लेखकानेही ते एकदा दिलं आहे.

सरकारने हात घातला तो या विकराला नव्हे, तर एकत्र गोळ्यांच्या गर्दीला. आधी २०११ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाईड हे ताप-दुखण्यावरचं औषध देणं बंद झालं. १० मार्च २०१६ ला औषधांच्या ३४४ मिश्रणांवर एका फटक्यात बंदी आली. निमेसुलाईड आणि डायक्लोफिनॅक एकत्र असलेली गोळी त्या यादीत होती. दोन्ही एकाच जातीची औषधं. एकत्र घालून पोट आणि यकृत यांनाच त्रास. कंपन्या कोर्टात गेल्या, डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातून तज्ज्ञांकडे गेलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. त्याच वर्षी ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक अमली पदार्थांच्या कायद्याखाली गेलं. अमेरिकेत अक्कलदाढेनंतर अफूजन्य गोळ्या देण्याची सवय किती महागात पडली, याची चर्चा तेव्हा जोरात होती.

बंदीची बातमी आली की ‘कॉम्बिनेशन वाईट’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. मग पुरावा असलेली जोडीही संशयात येते आणि विकराची गोळी तशीच सुटते. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणं बंद झाली. त्यात अॅसिक्लोफिनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलीग्रॅमची गोळी होती. मोठ्यांना सर्रास दिली जाणारी १०० आणि ३२५ ची गोळी त्या नोंदीत नव्हती, त्यामुळे काउंटरवरची पट्टी तीच राहिली.