नस फुटली, पण कुठली?

सांगली-मिरजेकडे कुणाच्या मेंदूत रक्तस्राव झाला की बातमी एकाच वाक्यात घरोघर पोचते : "बीपी वाढलं आणि डोक्यात नस फुटली." पुढे कुणी काही विचारत नाही. पण या एका वाक्यात दोन वेगळे आजार आहेत. एकात मेंदूच्या आत खोलवरची बारीक नस फुटते. तिच्यावर वर्षानुवर्षं चढ्या रक्तदाबाचा मारा झालेला असतो. हा आजार पुरुषांत जास्त. दुसऱ्यात मेंदूच्या बुडाशी, धमनीला फाटा फुटतो तिथे, भिंत कमजोर होऊन फुगा येतो. त्याला अॅन्युरिझम म्हणतात. तो फुटला की रक्त मेंदूभोवतीच्या आवरणांमध्ये पसरतं. हा बायकांत जास्त.

हा फरक उशिरा कळला, कारण फुगा जिवंत माणसात दिसतच नव्हता. अठराव्या शतकात इटलीत तो सापडला तो शवविच्छेदनात. १८९१ मध्ये जर्मनीत क्विंके यांनी कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं. पुढे तेच पाणी रक्ताळलेलं आलं की आवरणांत रक्तस्राव झाल्याचं ओळखता येऊ लागलं. रक्त आलंय हे कळे, कुठून ते कळेना. १९२७ मध्ये लिस्बनला एगाश मोनिश यांनी मानेतल्या धमनीत एक्स-रेत दिसणारं औषध सोडून मेंदूच्या नसांचं चित्र काढलं, तेव्हा कुठे वाट उघडली.

मार्च १९३७ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी अशा फुग्याच्या मानेला चांदीची क्लिप लावली. क्लिप लावून फुगा बंद करण्याची ती पहिली शस्त्रक्रिया. रुग्ण ४३ वर्षांचा पुरुष होता. गंमत अशी, की फुगा मेंदूला रक्त नेणाऱ्या आतल्या कॅरोटिड धमनीवर होता आणि या जागी फुगा बायकांमध्ये जास्त आढळतो. पुरुषांचा फुगा बहुधा पुढच्या बाजूला, दोन धमन्यांना जोडणाऱ्या छोट्या नसेवर असतो.

पुढे मोठ्या संख्येने रुग्ण मोजले गेले तेव्हा वयाचा खेळ दिसला. तरुणपणी फुगा फुटणाऱ्यांत पुरुष पुढे असतात, पन्नाशी-पंचावन्नीनंतर बायका. २०११ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले, तर शंभरातल्या सुमारे तीन प्रौढांच्या डोक्यात असा फुगा निघाला. बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही. पन्नाशीपुढे मात्र बायकांत असा फुगा असण्याचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीच्या आसपास जातं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि धमनीच्या भिंतीला मिळणारा आधार सुटतो, असा तर्क आहे. मला तो पटतो, पण सगळा हिशोब त्याने लागत नाही.

फुगा फुटल्यावरचं डोकं दुखणं साधं नसतं. ते क्षणात टोकाला जातं, मान आखडते, उलट्या होतात. आपल्याकडे पन्नाशीतली बाई "डोकं फुटतंय" म्हणाली की घरात पहिला शब्द निघतो तो पित्त, नाहीतर अर्धशिशी. तिलाही तेच खरं वाटतं.

फुगा फुटेल का याचा अंदाज बांधायला २०१४ मध्ये फेझेस (PHASES) नावाची गुणपद्धत आली. तिच्यात रक्तदाब, वय, फुग्याचा आकार, जागा, पूर्वीचा रक्तस्राव आहे. रुग्ण कुठल्या देशातला तेही आहे, फिनलंड आणि जपानला तर वेगळे गुण आहेत. बाई की पुरुष, हा रकाना नाही.

धूम्रपान हे फुगा फुटण्याचं एक पक्कं कारण. सांगलीच्या खेड्यातली बाई विडी ओढत नाही. ती सकाळी मिसरी लावते, म्हणजे तंबाखूच, आणि फिनलंडच्या हेलसिंकीत मिसरी कुणी लावत नाही.