लोकजैवविविधता नोंदवही (गोवा)

एखाद्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या हद्दीतील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण, पाळीव जनावरे व त्यांचे अधिवास यांची, आणि त्यांच्याविषयी तेथील लोकांना असलेल्या ज्ञानाची, लोकांच्याच सहभागाने केलेली लेखी नोंद म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. सरकारी व्यवहारात ती ‘पीबीआर’ (पीपल्स बायोडायव्हर्सिटी रजिस्टर) या आद्याक्षरांनी ओळखली जाते. गोव्यात तिच्याकडे बहुधा कायद्याने लादलेला दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. वास्तविक जीवशास्त्र, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि अनेक समाजांचे अनुभवसिद्ध ज्ञान यांना एकत्र काम करायला लावणारी ती एक संशोधनपद्धती आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. २००४ च्या नियमांनी नोंदवही तयार करणे हे या समितीचे मुख्य काम ठरविले. त्या नियमांनुसार समितीत अध्यक्षाखेरीज जास्तीत जास्त सहा नामनियुक्त सदस्य असत व त्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागत. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आणि राजधानीच्या महानगरपालिकेसह १४ नागरी संस्था असल्याने ३,७०२ चौ. किमी. एवढ्या लहान राज्यात दोनशेहून अधिक नोंदवह्यांचे काम उभे राहते.

नोंदवहीची कल्पना कायद्याहून जुनी आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात निरनिराळ्या राज्यांत असे प्रयोग केले व त्यांत महाविद्यालयीन शिक्षक आणि विद्यार्थी यांना सुरुवातीपासून सामील करून घेतले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ साठी नेमलेल्या ‘अधिवास आणि अध्ययन’ या अभ्यासगटाचे अध्यक्षपदही गाडगीळ यांच्याकडे होते. विद्यार्थ्यांनी परिसराचा अभ्यास करून मिळविलेली माहिती गुणांपुरती न राहता सर्वांना उपलब्ध व्हावी, हा विचार त्या गटाने मांडला. पुढे गोवा विद्यापीठातील आंतरविद्याशाखीय अभ्यासासाठीच्या दामोदर धर्मानंद कोसंबी अध्यासनावर त्यांची नियुक्ती झाली. गणित, नाणकशास्त्र आणि क्षेत्रीय भटकंती यांची सांगड घालून इतिहास लिहिणारे कोसंबी मूळचे गोव्याचेच, त्यामुळे अध्यासनाचे नाव सार्थ म्हणावे लागेल.

गोव्यातील ज्ञानाची वाटणी भूरचनेप्रमाणे आणि समाजाप्रमाणे झालेली आहे. तिसवाडी, बार्देश व सासष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या प्रदेशांत, खाजन (खाडीकाठच्या सखल) जमिनींची व्यवस्था गावकऱ्यांच्या कोमुनिदादींशी, म्हणजे सामाईक जमीन सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थांशी, निगडित होती. भरतीचे पाणी बांधांनी अडविणे, मानशीच्या (बांधातील पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) दारांनी ते नियंत्रित करणे आणि खारेपणा सोसणारे कोरगुटसारखे भात पिकविणे हे तंत्र तेथील ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी पिढ्यान्पिढ्या जाणतात. मासे व शिंपले यांच्या हंगामाचे ज्ञान खारव्यांकडे (मच्छीमारांकडे), मिठागरांचे ज्ञान मीठ पिकविणाऱ्या कुटुंबांकडे, तर सत्तरी, सांगे, केपे आणि काणकोण येथील रानांचे ज्ञान गावडा, कुणबी, वेळीप व धनगर यांच्याकडे आढळते. म्हादई खोऱ्यातील नदीपात्रातील पुरण शेती माहीत असलेला शेतकरी मानशीच्या व्यवस्थेविषयी काही सांगू शकेलच असे नाही. म्हणून एका जाणकाराच्या मुलाखतीवर उभी केलेली नोंदवही गोव्यात हमखास एकांगी ठरते.

या सहकार्याचा कस कोठे लागतो, हे वारुळाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि अनेक गावांत ग्रामदेवता सातेरी हिची पूजा वारुळाच्या रूपात होते. ओडोंटोटर्मिस वंशातील वाळवी वारुळात टर्मिटोमायसिस ही बुरशी जोपासते. पावसाळ्यात तिचीच छत्रे जमिनीबाहेर येतात आणि ती ‘अळमी’ म्हणून चढ्या भावाने विकली जातात. या अळमीची व्यापारी लागवड होत नसल्याने सारा पुरवठा रानातूनच येतो. त्यामुळे जीवशास्त्रज्ञाने प्रजाती निश्चित केली, तरी कोणत्या रोयणीला हात लावायचा नाही, पहिली तोड केव्हा होते आणि ती कोण करते, हे गावानेच सांगावे लागते. दोन्ही बाजू एका पानावर आल्या, तरच त्या नोंदीचा संवर्धनाला उपयोग होतो. एरवी एकीकडे लॅटिन नावांची यादी आणि दुसरीकडे दैवतकथा उरते.

माटोळीचे महत्त्वही असेच आहे. चतुर्थीला गणपतीवर बांधल्या जाणाऱ्या या मंडपीत नारळ, सुपारीचे घड, तोरिंग, आंबाडे, चिबूड यांबरोबर माट्टीची फळे, कांगला, घागऱ्या, कवंडळ असे रानजिन्नस असतात. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची राज्यस्तरीय स्पर्धा घेते आणि स्पर्धक शेकडो जिन्नस जमवितात. माटोळी ही हंगामी वनस्पतींची आयती सूची होय, मात्र स्पर्धेच्या हव्यासापायी दुर्मीळ फळे ओरबाडली जाण्याची भीती असते, तीही नोंदवहीत यावयास हवी. भाताचे पहिले कणीस हिंदू घरांत नव्याच्या पूजेत येते, तर राय येथे ५ ऑगस्टला आणि ताळगावात २१ ऑगस्टला ख्रिस्ती समाजाच्या कणसाच्या फेस्तात चर्चमध्ये आशीर्वादिले जाते. कोणत्या शेतातले आणि कोणत्या वाणाचे कणीस निवडले जाते, हा प्रश्न दोन्ही घरांत विचारता येतो.

असे प्रश्न विचारणारा मनुष्य बहुतेक वेळा शिक्षक असतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात शाळेतील वीस आठवड्यांच्या आंतरवासितेचा समावेश झाला. या काळात छात्राध्यापकाला गावात वावरण्याची, पालकांशी बोलण्याची आणि मुलांकडून निरीक्षणे लिहून घेण्याची संधी मिळते. सरकारी प्राथमिक शाळांतील मराठी आणि कोकणी माध्यमांमुळे आजीने सांगितलेले झाडाचे नाव मूल जसेच्या तसे लिहू शकते. छायाचित्र व वाळविलेला नमुना यांच्या साहाय्याने त्याची ओळख पटविणे हे महाविद्यालयीन वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाचे काम. मात्र प्रश्नावली भरून घेणे म्हणजे संशोधन नव्हे, हे छात्राध्यापकाला आधी शिकवावे लागते. मुलाखतीपूर्वी संमती घेणे, माहितगाराचे नाव त्याच्या इच्छेनुसार देणे वा न देणे आणि परस्परविरोधी माहिती दोन्ही बाजूंनी नोंदविणे, या सवयींचा अध्यापक शिक्षणात फारसा विचार झालेला दिसत नाही. कर्नाटक वा उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबांची मुले वर्गात असूनही ‘स्थानिक ज्ञान’ म्हटले की त्यांची घरे सर्वेक्षणातून वगळली जाण्याचा धोका असतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

घाईमुळे या पद्धतीचे मोठे नुकसान झाले. समित्या व नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मुदतीच्या धाकाने कागद तयार झाले, पण चारही ऋतूंचे निरीक्षण काही महिन्यांत होणे शक्य नव्हते. पावसाळा न पाहिलेल्या नोंदवहीत अळमी, रानभाज्या व बेडूक यांची नोंद ऐकीवच असणार. नोंदवही वेळोवेळी अद्ययावत करावयाची असल्याने ही उणीव भरून काढता येते, आणि दरवर्षी नवी तुकडी येणारी शाळा त्यासाठी सोयीची आहे.

माहिती किती उघड करावी, हा प्रश्न अधिक बिकट आहे. औषधी वनस्पतींचे ज्ञान देणारे वैद्य व सुइणी ते सहजी सांगत नाहीत आणि त्यांचा संशय निराधार नसतो. गोव्यातून कोचीला गेलेल्या कोकणी समाजातील रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन वैद्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथात १६७८ मध्ये छापले गेले, म्हणून त्यांचा वाटा आज सिद्ध करता येतो. बहुसंख्य माहितगारांच्या वाट्याला असे श्रेय आले नाही. जैविक विविधता अधिनियमाच्या २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना अनेक बंधनांतून सूट दिली. ग्रंथांत न आलेले, तोंडी चालत आलेले ज्ञान या सूटीत मोडत नाही. त्यावर लाभवाटपाचा (त्या ज्ञानाच्या वापरातून झालेल्या लाभातील वाट्याचा) दावा करावयाचा तर ते कोणाकडून आणि कोणत्या गावातून मिळाले याचा पुरावा लागतो. असा पुरावा गावाच्या नोंदवहीतून मिळू शकतो. म्हणूनच प्रत्येक नोंदीसोबत दिनांक, ठिकाण आणि माहितगाराची संमती लिहिण्याचा आग्रह धरला जातो.