ग्रीक मुलींची नावं: अर्थ सोपा, गोष्ट लांबची

सोफिया म्हणजे शहाणपण, इरिनी म्हणजे शांती, झोई म्हणजे जीवन, मेलिसा म्हणजे मधमाशी. बारशाच्या आधी नावं शोधताना हे सगळं एका ओळीत मिळतं, आणि ते बरोबरच आहे. पण हे नाव पोरीला का ठेवलं, ते त्या ओळीत नसतं, आणि खरी मजा तिथेच आहे.

जुन्या ग्रीसमध्ये मुलींची बरीच नावं म्हणजे पुरुषांच्याच नावाचं स्त्रीरूप. कीर्ती, विजय, सैन्य, घोडा असले दोन शब्द जोडायचे की झालं नाव. क्लिओपात्रा म्हणजे चक्क 'बापाची कीर्ती'. सॉक्रेटिसच्या बायकोचं नाव झांथिपी, त्यात पिवळा रंग आणि घोडा, कारण घोडा दारात असणं म्हणजे घर पैशेवालं. मॅसेडोनियाच्या फिलिप राजाने तर लेकीचं नाव थेसालोनिकी ठेवलं, थेसली प्रांतातल्या विजयाची आठवण म्हणून, आणि पुढे तिच्या नवऱ्याने, कॅसँडरने, इ.स.पू. ३१५ च्या सुमारास शहर वसवलं त्यालाही तेच नाव दिलं, म्हणजे बापाची लढाई पोरीच्या नावात आणि पोरीचं नाव गावाला. अलेक्झांडरची आई लहानपणी पोलिक्सेना होती, मग मिर्टाली झाली, मग ऑलिंपियास, हे शेवटचं बहुतेक फिलिपचा घोडा ऑलिंपिकमध्ये जिंकला म्हणून. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात त्यावर आपण वाद घालतो, इथे नवऱ्याच्या घोड्यावरून!

आणि एवढं करून अथेन्समध्ये घरंदाज बाईचं नाव चारचौघांत घ्यायचंच नाही. कोर्टातली भाषणं वाचा, अमक्याची बायको, तमक्याची लेक, एवढंच.

ख्रिस्ती धर्म आल्यावर संतांची नावं आली. एलेनी (सम्राट कॉन्स्टंटाइनची आई), कातेरिना, अनास्तासिया म्हणजे पुनरुत्थान. पारास्केवी म्हणजे शुक्रवार आणि किरियाकी म्हणजे रविवार, हो, वारांची नावं, आणि ती आजही ठेवतात. संताचा दिवस तोच आपला सण, त्यामुळे ग्रीक लोकांत वाढदिवसापेक्षा नामदिवस मोठा, २१ मेला सगळ्या एलेनींचा. त्यात पहिल्या मुलीला बहुतेक ठिकाणी बापाच्या आईचं नाव, म्हणून एकाच घरात चार चुलत बहिणी मारिया.

मग १८०० नंतर वारं फिरलं. तुर्की सत्तेखालच्या शिकलेल्या ग्रीकांना प्राचीन ग्रीसचं वेड लागलं आणि पोरांना संतांऐवजी पुराणातली, इतिहासातली नावं ठेवायला लागले. आयव्हलिकच्या (हे गाव आज तुर्कस्तानात) ग्रीक शाळेतल्या मुलांनी १८१७ मध्ये स्वतःलाच प्राचीन नावं घेतली. चर्च भडकलं. १८१९ मध्ये ग्रीक चर्चचे प्रमुख धर्मगुरू (पॅट्रिआर्क) ग्रेगरी पाचवे यांनी पत्रक काढलं की बाप्तिस्म्यात ही असली जुनी नावं द्यायची नाहीत. दोनच वर्षांनी बंड पेटलं आणि त्याच ग्रेगरींना तुर्कांनी त्यांच्याच दारात फाशी दिलं. नावं मात्र थांबली नाहीत, स्वतंत्र ग्रीसमध्ये अस्पासिया, पिनेलोपी, कॅलिओपी, अँटिगनी घरोघरी झाल्या. ज्या नावाला संतच नाही तिने काय करायचं, तर सर्व संतांच्या रविवारी नामदिवस करायचा. हा तोडगा मला फार आवडतो.

आपल्याकडे वसईत, गोव्यात ही नावं चर्चमार्गे आली, आयरीन, अॅग्नेस (मूळ अर्थ शुद्ध), मार्गारेट म्हणजे मोती. पण सगळ्यात भारी गोष्ट फिलोमिनाची. १८०२ मध्ये रोमच्या भुयारी दफनभूमीत एका कबरीवर तीन फरशा सापडल्या, त्यावर लॅटिनमध्ये 'लुमेना', 'पॅक्स ते', 'कुम फि' असं तुकड्यातुकड्यात काहीतरी. पहिली फरशी उचलून शेवटी ठेवली की होतं 'तुला शांती असो, फिलुमेना'. नाव ग्रीक, अर्थ 'जिच्यावर प्रेम केलं जातं ती'. त्या हाडांवरून संत झाली, १९व्या शतकात नाव जगभर गेलं, आणि १९६१ मध्ये रोमने तिचा सण कॅलेंडरमधून काढून टाकला. तोवर आपल्याकडच्या फिलोमिना आज्या झाल्या होत्या.