आत्महत्या : भारतातील प्रादेशिक तफावत व प्रतिबंध

आत्महत्या ही एखाद्या घराची शोकांतिका असते, तशीच ती मोजता येणारी आणि कमी करता येणारी सार्वजनिक आरोग्याची समस्याही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ७ लाखांहून अधिक माणसे आत्महत्येने दगावतात. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात.

भारतातील अधिकृत आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग देतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. दर लाख लोकसंख्येमागे १२.४. संख्येने महाराष्ट्र पहिला (२२,७४६), त्यामागे तमिळनाडू. दर पाहिला की नकाशा बदलतो : सिक्कीम ४३.१, केरळ २८.५, तर बिहार अवघा ०.६. सिक्कीमची लोकसंख्या इतकी कमी आहे की थोड्याशा घटनांनीही तेथील दर वरखाली होतो. बिहारचा आकडा मात्र जसाच्या तसा स्वीकारणे धाडसाचे ठरेल. ही सारी आकडेवारी पोलीस ठाण्यातील ‘अकस्मात मृत्यू’च्या नोंदीतून येते. जबाब घरचे देतात, आणि अब्रूच्या व चौकशीच्या भीतीने ‘पाय घसरला’, ‘अंधारात कळले नाही’ असे पंचनाम्यात जाते. त्यामुळे नोंद जिथे चोख, तिथला दर जास्त दिसणे स्वाभाविक आहे.

महाराष्ट्रात चर्चा प्रामुख्याने विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांची होते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने २००६ मध्ये विशेष पॅकेज जाहीर केले. मृताच्या वारसांना राज्य शासन १ लाख रुपयांची मदत देते, पण त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. सातबारा, कर्जाचा दाखला, थकबाकी, शवविच्छेदन अहवाल असे कागद जिल्हास्तरीय समितीपुढे जातात आणि मृत्यूवर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा बसतो. दुसऱ्याच्या रानात राबणारा मजूर या चर्चेत मागेच राहतो. वास्तविक २०२२ मध्ये देशातील शेती क्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्यांपैकी शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३ होते. शेतात राबणाऱ्या, पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईची गणना ‘गृहिणी’त होण्याचा संभव असतो.

कारणे एकाच खणात बसत नाहीत. २०२२ च्या अहवालात कौटुंबिक समस्या (३१.७ टक्के) आणि आजारपण (१८.४ टक्के) ही कारणे सर्वांत वर आहेत. अर्थात ‘कौटुंबिक समस्या’ हा पोलिसी रकाना आहे. त्यात कर्ज, दारू, मारहाण, आजार सगळेच मावते.

प्रतिबंधाचा सर्वांत ठळक पुरावा श्रीलंकेतून येतो. १९९५ च्या सुमारास तेथील दर लाखामागे ४७ च्या घरात होता. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर पुढील दोन दशकांत तो ७० टक्क्यांच्या आसपास घसरला आणि पिकांचे उत्पादन घटल्याचे आढळले नाही. अनावर क्षण बहुधा थोडा वेळ टिकतो. त्या वेळी घातक साधन हाताशी नसेल तर माणूस वाचतो, हे यामागचे साधे तत्त्व. मात्र श्रीलंकेतच कीटकनाशके ठेवायला घरोघरी कुलूपबंद पेट्या वाटण्याच्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, फरक दिसला नाही. म्हणजे विष घरात कुलपात ठेवण्यापेक्षा ते बाजारातूनच हटवणे प्रभावी.

दुसरी वाट उपचार दारी नेण्याची. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांना घरोघर पाठवले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी आणि रुग्ण पाड्यावर, अशा मुलखात हे महत्त्वाचे ठरते. ऑक्टोबर २०२२ पासून देशभर १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. श्रीलंकेच्या तुलनेत ते माफकच म्हणावे लागेल.

कायदाही हळूहळू बदलला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. १ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतील जुने कलम ३०९ नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा राहिला आहे. रुग्णालयात मात्र अशा रुग्णाची पोलिसांना वर्दी जातेच, आणि ‘केस होईल’ या धास्तीने नातेवाईक आजही खरे कारण सांगायला कचरतात.