शेकासोबतची सलाईन: 3बी टप्प्याचा वाद

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर पुढे गेला की ऑपरेशन नाही, शेक, म्हणजे किरणोपचार. एवढं सोलापूर-बार्शीकडे रुग्णाच्या नातेवाइकांनाही ठाऊक असतं. पण शेक चालू असताना दर आठवड्याला सलाईनमधून जाणारं सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध सगळ्यांनाच द्यावं का, हा वाद जवळजवळ वीस वर्षं चालला.

रेडियमचा काळ दूरचा. गर्भाशयात रेडियम ठेवणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. किरणांची मात्रा जिथे मोजायची तो गर्भाशयाशेजारचा 'ए बिंदू' मँचेस्टरमध्ये 1938 साली ठरला. 1951 मध्ये कॅनडात बाहेरून किरण देणारी कोबाल्टची यंत्रं चालू झाली. बाहेरचा शेक आणि आतला शेक ही जोडी मात्र अजून मोडलेली नाही.

वाद पेटला तो फेब्रुवारी 1999 मध्ये. पाच चाचण्यांत किरणांना सिस्प्लॅटिनची जोड दिल्यावर मृत्यूचा धोका 30 ते 50 टक्क्यांनी घटला, असं सांगणारं तातडीचं पत्रक अमेरिकेत निघालं आणि जगभर प्रथा बदलली. माझ्या मते जरा घाईनं. 2002 मध्ये कॅनडातल्या 253 रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसलाच नाही. शिवाय आपल्याकडच्या किती तरी बायका येतात त्याच 3बी टप्प्यात: गाठ ओटीपोटाच्या भिंतीला भिडलेली, नाहीतर मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंड सुजलेलं. सिस्प्लॅटिनचा मार मूत्रपिंडावरच बसतो. त्यात अंगात रक्त कमी. अशा बाईला ते द्यायचं कोणत्या हिमतीवर?

उत्तर मुंबईतून आलं, पण उशिरा. 2003 ते 2011 या काळात 3बीच्या 850 बायका दोन गटांत विभागल्या. निकाल छापला गेला 2018 मध्ये. पाच वर्षांनी नुसत्या शेकाच्या गटात 46 टक्के जिवंत होत्या, सिस्प्लॅटिनच्या गटात 54. आठ टक्के थोडे नव्हेत. तरी चाचणीत किमो झेपेल अशी प्रकृती पाहूनच बायका घेतल्या जातात; ओपीडीच्या रांगेत तशी निवड नसते.

त्याच वर्षी टप्प्यांची व्याख्याही बदलली. लसिकाग्रंथीत रोग दिसला की आता 3सी. त्यामुळे जुन्या फायलीतला दुसरा टप्पा नव्या फायलीत तिसरा निघू शकतो, आणि जुने-नवे आकडे शेजारी ठेवताना गफलत होते. बार्शीला तर 1987 पासून खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी.

2024 मध्ये आणखी एक भर पडली: शेकाआधी सहा आठवडे, दर आठवड्याला दोन औषधांची किमो. 500 रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी जगणाऱ्यांचं प्रमाण 72 वरून 80 टक्क्यांवर गेलं. पण त्यातही बहुतेक जणी दुसऱ्या टप्प्याच्या होत्या. म्हणजे 3बीचा प्रश्न पुन्हा तसाच, आणि मंगळवेढ्याहून एसटीनं येणाऱ्या बाईला सोलापूरच्या आणखी सहा फेऱ्या.