उतारवयातलं स्कूबा डायव्हिंग

साधारण पन्नाशी-साठीनंतर केलेलं स्कूबा डायव्हिंग, म्हणजे हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली जाणं, आणि वाढत्या वयाचे त्यावर होणारे परिणाम. कमीत कमी वय ठरलेलं असतं, पाडी (PADI) या ट्रेनिंग संस्थेच्या ज्युनियर कोर्सला १० वर्षं, वरची मर्यादा मात्र बहुतेक ट्रेनिंग संस्था घालत नाहीत. डायव्हिंगआधी भरायच्या २०२० च्या मेडिकल फॉर्ममध्ये वय ४५ च्या वर असेल तर सिगरेट, कोलेस्टेरॉल, बीपी आणि जवळच्या नातलगांत लवकर आलेलं हार्टचं दुखणं हे जादा विचारतात, एकालाही 'हो' आलं की डॉक्टरची सही लागते.

वाद आहे तो बेंड्सचा, म्हणजे वर येताना रक्तात आणि ऊतींत नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा. वय वाढलं की डाइव्हनंतर डॉप्लरवर, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या तपासणीत, बुडबुडे जास्त दिसतात असं काही अभ्यास सांगतात, पण वयाबरोबर वजन वाढतं, फिटनेस उतरतो, मग दोष नेमका कुणाचा? शिवाय बुडबुडे दिसले म्हणजे बेंड्स झालाच असंही नाही. वयाचा हात असावा पण एकट्याचा नसावा, हे मत जास्त पटण्यासारखं.

खरी भीती हृदयाची. नुसतं पाण्यात उतरलं तरी हातापायांतलं अर्धा लिटरच्या आसपास रक्त छातीकडे सरकतं, तरुण हृदय ते सहज झेलतं, बीपीने ताठर झालेलं झेलेलच असं नाही, मग फुप्फुसात पाणी साचतं, दम लागतो, खोकला येतो, कधी गुलाबी फेस पडतो. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात याचा दोष थंड पाण्याला दिला होता, पुढे कोमट पाण्यातही केसेस सापडल्या, तेव्हा थंडी हे एक कारण, एकमेव नव्हे. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारं उपकरण, बिघडला असेल असं समजून माणूस खालीच थांबतो आणि तिथेच फसतो, अशा वेळी डाइव्ह सोडून, पण कंट्रोलमध्ये, वर येऊन पाण्याबाहेर पडणं हाच पहिला उपाय.

विक्रमांमध्ये रे वूली हे ब्रिटिश गृहस्थ ठळक, २०१९ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी सायप्रसजवळ बुडालेल्या झेनोबिया जहाजावर ते ४० मीटरच्या खाली जाऊन आले. अर्थात अशा माणसावरून बाकीच्यांचा हिशोब मांडू नये.

रोजच्या अडचणी साध्याच असतात. चाळिशी लागलेल्याला डाइव्ह कॉम्प्युटरचे, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणाऱ्या यंत्राचे, आकडे दिसत नाहीत, त्यासाठी मास्कला खालच्या बाजूला वाचायचं भिंग लावून घेतात. आणि बोटीची शिडी, पाठीवर १५ किलोच्या आसपासचा सिलिंडर, वर शिशाची वजनं, म्हणून बरेच जण सगळा लवाजमा पाण्यातच उतरवून बोटीवरच्या माणसाकडे देतात, डाइव्हनंतर लगेच जोर लावणं बुडबुड्यांच्या दृष्टीनेही वाईटच.